पेपर झाला की

प्रिय दादा,

'प्रिय' लिहून थोडा वेळ नुसतीच बसले होते. पण पत्राची दुसरी सुरुवात मला येत नाही, आणि अक्षरं गिरवायला शिकवणारा तूच. तेव्हा राहू दे.

तू तयार करून पाठवलेला माफीनामा तुझ्या मुलाने काल आणून दिला. 'भावनेच्या भरात माझ्या हातून नियमबाह्य वर्तन घडले, त्याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली माझ्या सहीपुरती जागाही सोडली आहेस. मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून उठलास, पण दुसऱ्याच्या तोंडी आपली वाक्यं घालायची खोड काही गेली नाही. मी सही केलेली नाही आणि करणारही नाही. फोनवर तू मला बोलू दिलंच नाहीस. 'नोकरीची चार वर्षं राहिलीत, आता कशाला हात दाखवून अवलक्षण' हे तीनतीनदा ऐकवलंस आणि फोन ठेवून दिलास. म्हणून कागदावर सांगते. इथे तुला मधेच तोडता येणार नाही.

तुझ्या कानावर आलं ते असं की शालान्त परीक्षेच्या केंद्रसंचालक बाईंनी चालू पेपरात एका मुलीला बाहेरचा निरोप दिला, तिला पेपर सोडून जाऊ दिलं आणि तिचं वर्ष बुडवलं. यातलं एक अक्षरही खोटं नाही. फक्त मधलं सगळं गाळलंय.

विज्ञानाचा पेपर होता. सकाळी सीलबंद पाकिटं आली, दोन मुलांच्या सह्या घेऊन ती फोडली, पर्यवेक्षकांचे मोबाईल माझ्या कपाटात कुलूपबंद केले. वरच्या मजल्यावर एका बाकाचा पाय डुगडुगत होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. प्रश्नपत्रिका वाटून झाल्या आणि शाळा एकदाची चिडीचूप झाली. ती शांतता तुला ठाऊक आहे. वर्षभर बोंबलणारी पोरं मान खाली घालून लिहायला लागली की आपलाही आवाज आपोआप उतरतो. मी चहाचा कप तोंडाला लावणार तेवढ्यात शिपाईबाई आल्या. फाटकाशी एक माणूस आहे, हटत नाही म्हणाल्या.

तो त्या मुलीचा काका होता. शर्टाची बटणं वरखाली लावलेली, डोळे तांबारलेले. मुलीची आई पंधरा दिवस दवाखान्यात होती, मुलीला 'बरं वाटतंय' एवढंच सांगितलेलं. त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी हात टेकले होते. मला वाटलं, हा मुलीला न्यायला आलाय. तर म्हणाला, "बाई, तिला कळू देऊ नका. शेजारची पोरगी तिच्याच वर्गात पेपरला आहे, तिच्या घरी कळलंय. दोघींना बोलू देऊ नका. आज आणि परवा, दोनच पेपर राहिलेत. तिकडे मावशीकडे तिची सोय केलीय." मी विचारलं, आई शुद्धीवर आहे का. तो इकडेतिकडे बघायला लागला. मग म्हणाला, "आहे. पोरीलाच विचारतेय. पण आता जाऊन ती काय करणार? तिच्या भल्यासाठीच सांगतोय."

भल्यासाठी. हा शब्द ऐकला आणि मी त्या माणसाच्या अंगावर ओरडले नाही, हेच माझं नियमबद्ध वर्तन समज.

माझ्या शालान्त परीक्षेच्या वेळी मलाही तू आत्याकडे ठेवलं होतंस. घरी शिवणयंत्राचा खडखडाट, अभ्यास होत नाही, म्हणून. मी निघाले तेव्हा बाबांनी मला पेन दिलं नाही की उपदेश केला नाही. माझ्या दप्तराचा तुटलेला बंद शिवून दिला आणि यंत्रावरून न उठताच 'जा' म्हणाले. पुढचे पेपर कसे गेले ते तू प्रत्येक समारंभात सांगतोस. मी सांगते ते ऐक. भूगोलाच्या पेपराला पर्यवेक्षक बाईंनी मी न मागता पुरवणी आणून ठेवली. पाणी देणाऱ्या म्हाताऱ्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मागच्या बाकावरची, जी वर्षभर माझ्याशी भांडली, तिने मधल्या वेळात आपली पट्टी मला देऊन टाकली. मला वाटलं, आज मी छान लिहितेय, सगळ्यांना दिसतंय. शेफारले होते मी, दादा. अख्ख्या शाळेला माहीत होतं की हिचा बाप काल गेला. फक्त मला नव्हतं. शेवटचा पेपर देऊन उड्या मारत घरी आले तर शिवणयंत्रावर चादर घातलेली, आणि त्यांचा चष्मासुद्धा तुम्ही कुणाला तरी देऊन टाकला होता. तू मला जवळ घेऊन म्हणालास, झोपेतच गेले गं, कुणाशी एक शब्द न बोलता, तू असतीस तरी काय केलं असतंस. आणि मी पहिली आले. तेव्हापासून तू ही गोष्ट लोकांना सांगतोस आणि लोक माना डोलावतात. तुझ्या निरोप समारंभातही सांगितलीस. मी पुढच्या रांगेत होते. टाळ्या वाजल्या तेव्हा माझ्याकडे वळून पाहिलंस, मीही हात हलवावा म्हणून.

तर मी त्या काकाला फाटकाशी उभं केलं आणि वर गेले. मुलगी खिडकीजवळ बसली होती. आकृती काढत होती, अगदी मन लावून. पर्यवेक्षकांना सांगून तिला व्हरांड्यात बोलावलं. मी गोल फिरवून बोलले नाही. म्हटलं, तुझ्या आईची तब्येत फार बिघडली आहे, ती तुला विचारते आहे. घरच्यांचं म्हणणं आहे की तुला पेपर झाल्यावर सांगावं. मला ते पटत नाही, म्हणून सांगतेय. तू काय करायचं ते तू ठरव. तिने पहिल्यांदा विचारलं, "हा पेपर परत देता येतो?" मी खरं सांगितलं. पुरवणी परीक्षा होते, पण तोवर पुढचे प्रवेश संपलेले असतात, वर्ष जाऊ शकतं. ती भिंतीला टेकली. एकदा वर्गात बघितलं, एकदा जिन्याकडे. मग आत गेली, पेनाला टोपण लावलं, उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांच्या हातात दिली आणि 'थँक यू सर' म्हणाली. त्या पोरीची ही रीत बघून त्यांना भरून आलं, पण चौकशीत त्यांनी तेवढंच सांगायचं टाळलं. शिपाईबाईंनी आपली स्कूटर काढली. काका मागून धावत होता आणि मला शिव्या देत होता. मी खाली येऊन गार झालेला चहा प्यायले.

आता तुला वाटत असेल, आईने तिला कुशीत घेतलं असेल, डोळे मिटले असतील. तसं काही झालं नाही. परवा ती मुलगी मला भेटायला आली होती, तिने सांगितलं. आईने तिला दारात बघितलं आणि म्हणाली, "पेपर टाकून आलीस? अक्कल आहे का?" मग पलंगावर जरा पलीकडे सरकली आणि म्हणाली, "ये. पाय वर घे." दुपार दोघींनी तशीच काढली. संध्याकाळी आई गेली. मुलीला पुढे नर्सिंग करायचं म्हणून अकरावी विज्ञानाला जायचं होतं, ते यंदा हुकलं. मी विचारलं, माझ्यावर राग आहे का. ती विचार करून म्हणाली, "कधी कधी येतो." खोटं बोलली नाही म्हणून मला ती आवडली. तिच्या काकाने तक्रार केली तेही मी समजू शकते. ज्याच्या घरातलं माणूस जातं त्याला कुणावर तरी ओरडावंच लागतं. मला समजत नाही ते आपलं परीक्षा मंडळाचं कार्यालय. त्यांच्या नोटिशीत प्रश्न आहे की सदर निरोपामुळे प्रश्नपत्रिकेच्या गोपनीयतेस बाधा आली काय. आई मरायला टेकलीय हे सांगितल्याने कुठल्या प्रश्नाचं उत्तर फुटलं असतं, देव जाणे. नियम मोडला हे मी लिहून दिलंय. दिलगीर आहे असं लिहिलेलं नाही. परीक्षेच्या कामावरून काढलं तर काढू देत.

एवढ्यासाठी मी तुला पत्र लिहिलं नसतं. माफीनामा फाडून कचऱ्यात टाकला असता आणि पुढच्या वेळी तुझ्याकडे नेहमीसारखी जेवायला आले असते. इतकी वर्षं आलेच ना. पण ही बातमी फिरत फिरत आत्यापर्यंत गेली, आणि तिने मला फोन केला. तिला आता नीट ऐकू येत नाही, त्यामुळे ती ओरडूनच बोलते. म्हणाली, "बरं केलंस पोरी. त्या बाईला लेक दिसली. तुझ्या बापाला तेवढं मिळालं नाही." मी म्हटलं, आत्या, बाबा तर झोपेत गेले. मग तिला रडू फुटलं. तू तिच्याकडून शब्द घेतला होतास, म्हणाली. दादा, दोन दिवस ते दवाखान्यात होते. जागे होते. मी आत्याच्या घरी नद्या आणि पर्वत पाठ करत होते आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात ते दार वाजलं की मान वळवत होते. 'येतेय, वाटेत आहे' असं तू त्यांना सांगत होतास. म्हणजे तू त्यांनाही फसवलंस. शेवटी खोलीत तू एकटाच होतास. आत्याने दाराच्या काचेतून बघितलं, तुझा कान त्यांच्या तोंडाशी होता आणि ते बराच वेळ काहीतरी सांगत होते. तू बाहेर आलास तेव्हा तिने विचारलं, काय म्हणाला. तू म्हणालास, धाकटीला निरोप आहे, तिचा पेपर झाला की सांगेन.

माझा पेपर कधीचाच झालाय, दादा. तू तेव्हा विशीतला पोरगा होतास, घाबरला होतास, तुझ्या डोक्यावर घर आलं होतं, हे सगळं मला कळतं आणि तरी माझा राग तिळभर कमी होत नाही. खुलासा नको. माझं कसं भलं झालं तेही नको. ते जे बोलले ते, जसंच्या तसं, त्यांच्या शब्दांत लिहून पाठव. विसरला असशील तर 'विसरलो' असं लिही, आणि खाली स्वतःची सही कर.

अजून तरी तुझीच,
धाकटी