बॅटरीच्या पाण्यात उतरलेलं तांबं

सोनाळा, ९ नोव्हेंबर १९६४

श्रीयुत हिंमतराव भाऊजी यांना उत्तमरावाचा रामराम. आपला खोकला गेला असेल आणि आमच्या बहिणीने (अन्नपूर्णेने) त्याचे श्रेय स्वतःच्या काढ्याला दिले असेल, असे धरून चालतो. इकडे सर्व क्षेम आहे, फक्त गावचा रेडिओ मुका झाला आणि मीही.

हकीकत अशी. चावडीतला रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चालतो. तिची निगा माझ्याकडे आणि दर पंधरवड्याला ती खांद्यावर घेऊन संग्रामपूरला चार्जिंगला नेणे पुंजाजीकडे. दसऱ्यापासून बॅटरी दोन दिवसांतच बसू लागली (नेमकी कापसाचे भाव सांगताना!). मी चावडीत सगळ्यांदेखत पुंजाजीला म्हणालो, "तू वाटेत ॲसिड सांडतं अन् नाल्याचं पाणी भरतं!" तो एवढेच बोलला, "उत्तमभाऊ, खांदा पोयला माह्या, पण बॅटरी आडवी होऊ देली नाही." आणि निघून गेला.

पुरावा हवा म्हणून बॅटरीतले थोडे पाणी बाटलीत घेऊन मी हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या सिंधूताईंकडे गेलो. दिसायला अगदी नितळ पाणी. ताईंनी ते काचनळीत घेऊन त्यात थेंब थेंब अमोनिया सोडला (वासाने माझ्या डोळ्यांना धार लागली). आधी पांढुरके गढूळ झाले, मग गाळ खाली बसला आणि भाऊजी, वर जवस फुललेल्या वावरासारखी निळाई उमटली! माझे हात आपोआप जोडले गेले.

"तांबं आहे यात," ताई म्हणाल्या.

"पण दिसत तं काहीच नव्हतं!"

"विरघळलं की दिसत नाही, पण असतं. बॅटरीत तर शिसं असतं. हे आलं कुठून?"

बॅटरीवरच्या तांब्याच्या चिमट्याला हिरवी-निळी बुरशी धरते. ती मी दर सोमवारी धुऊन, त्यातले ॲसिड वाया जाऊ नये म्हणून, ते पाणी बॅटरीतच ओतत होतो! तेच तांबे आतल्या पट्ट्यांवर बसून बॅटरी आतल्या आत रिती करते, असे ताईंनी समजावले. पन्नास वर्षे पाणी पितो आहे, पण त्या दिवसापासून तांब्या तोंडाला लावण्याआधी उजेडात धरून पाहतो. चिमूटभर धातू अदृश्य होतो काय आणि अख्ख्या गावाचा आवाज बंद करतो काय!

मुलांना आशीर्वाद.

आपला,
उत्तमराव

ता. क. पुंजाजीच्या दारी तीनदा गेलो. तिन्ही वेळा तुरीच्या अळीबद्दल बोलून परत आलो.

दुसरा ता. क. पुंजाजी लेकीला भेटायला आपल्या अमडापूरला येत आहे. हे पत्र त्याच्याच हाती दिले आहे, त्याला वाचता येत नाही. त्याला बैठकीत आपल्या शेजारी बसवावे, चार माणसे बोलवावीत (मी बोललो ते चारचौघांतच) आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचावे. तो काय म्हणाला ते मात्र कळवू नका. ते मी त्याच्याच तोंडून ऐकायला हवे.