न ओढलेली बिडी

प्रिय आबा,

रागात तीर्थरूप लिहवत नाही. प्रिय मात्र आहातच. फोनवर हा विषय काढला की ‘घे, आईशी बोल’ म्हणून तुम्ही मोकळे होता. कागद तिला देऊन चालणार नाही, तिचा चष्मा मी दुरुस्तीला खामगावला आणलाय.

मागच्या हरिनाम सप्ताहात पहाऱ्याची पाळी मध्येच सोडून तुम्ही वीणा पंजाबराव काकांच्या गळ्यात घालून देवळामागे जात होतात. रोज. तीस वर्षं दोन-दोन तास उभं राहून वीणा न सोडणारा माणूस. गाव म्हणालं, अर्जुनरावले म्हातारपणी बिडीचा नाद लागला. मीही ऐकलं आणि फोनवर तुम्हाला झापलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘हाव माय, सोडतो.’ जन्मात बिडीला हात न लावलेल्या माणसाने ती सोडायचं वचन दिलं.

परवा सोनाळ्याला आले ती काकांशी भांडायलाच. म्हटलं, तुम्हीच नादी लावलं. ते म्हणाले, ‘बिडी कायची पोरी? लघवी दम धरत नाही त्याची. तो आला का मी जातो, मलेही तेच हाय. दोन वर्स झाले, एकमेकाले इचारलं नाही.’

दोन वर्षं, आबा. आई सांगते, तुम्ही दुपारनंतर पाणीच पीत नाही. मोतीबिंदूची हिरवी पट्टी गावभर मिरवलीत. मग डोळा तुमचा आणि प्रोस्टेट काय शेजाऱ्याचं? आणि मी तरी काय? वर्गात मुलींना पाळीबद्दल मोकळेपणाने सांगते, बापाला एकदाही विचारलं नाही.

डॉक्टरांना विचारून आले. या वयात ती ग्रंथी पुष्कळांची वाढते, बऱ्याच जणांना गोळ्यांनीच आराम पडतो. पण तपासल्याशिवाय काही सांगता येत नाही, आणि पाणी तोडणं तर अगदी चुकीचं.

म्हणून हे पत्र. मंगळवारचा नंबर लावलाय. तुमचा आणि काकांचा असे दोन नंबर, ते म्हणाले, ‘अर्जुन आला त येतो.’ यंदा पहारा एकेक तासाचा करा, असं ते भजनी मंडळात बोलणार आहेत. तुमचे जावई गाडी घेऊन येतील, म्हणाल तिथे थांबवतील. सोनोग्राफीआधी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय, दवाखान्यात माझ्यासमोर प्या. तुम्ही बिडी ओढत नाही, एवढंच मी गावात सांगितलंय. पुढचं सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. फक्त न केलेल्या गोष्टीला माझ्यापुढे पुन्हा ‘हाव’ म्हणू नका.

तुमचीच, अजून रागावलेली,
अनुपमा