क्षाराचं सासर

सर,

आमचे हे गेल्यापासून घरात वाद घालाले कोनी उरलं नाही, मून तुमाले लिहून राह्यली. तुमी तं त्यायच्याबी आधी गेले. वर भेट झाली असन तं त्यायले रसायन शिकवू नका, झोपतेत.

शेजारची पोरगी नववीपर्यंत पैनगंगेपल्याड मामाच्या घरी मराठीत शिकली, दहावीले इकडं आपल्या गावच्या तेलुगू शाळेत बसली. नर्स व्हाचं हाय तिले. अन् सराव परीक्षेत सायन्समदीच नापास! आली माह्या ओसरीवर रडत. "आजी, पेपरच चुकला. कडू लागते, हाताले साबनावानी गुळगुळीत लागते, हळदीचा कागद लाल करते, ते काय? आम्लारी! पन आम्लारी उत्तरांत हायेच नाही. आम्लम्, क्षारम् अन् लवणम्, एवढंच हाय. क्षार मंजे मीठ, लवण मंजेबी मीठ!" मले आपल्या शाळेतले तुमीच दिसले. फळ्यापाशी उभे, हातात हळदीचा कागद, बाहीले खडू. प्रश्न पुरा व्हायच्या आधीच मी उत्तर फेकते, अन् तुमी मनता, "अवं, पाव्हना दारात आला का लगेच त्याच्या तोंडात घास कोंबतं का तू? आधी बसव त्याले. पानी दे. मंग इचार, काऊन आला." सारा वर्ग हासला, मीबी हासली. पन सर, उत्तर माहीत असून आमच्या तोंडाकडं पाहत गप बसनारा मास्तर मी एकच पाह्यला. माह्यानं तं भाजीतलं मीठ कमी हाय हेबी पोटात राहत नाही.

पोरगी रडत आली त्या दिवशी मीबी जीभ दाताखाली धरली. "मीठ कडू लागते का वं?" "नाही." "मंग आंबट हाय का ते?" "नाही, आंबट तं आम्ल." "मंग उरलं कोन?" "क्षारम्. पन आजी, क्षार मंजे तं..." "नदीच्या त्या बाजूले मीठ. इकडं आलं तं त्या कडूचं नाव बदललं. लग्नात माह्यंबी बदललं होतं, मी काय दुसरी झाली? कडू ते कडूच राह्यली." पोरगी रडता रडता हासली. "मंजे इकडचं क्षारम् आपलं आम्लारी, अन् मीठ ते लवणम्!" मंग रोजच येऊ लागली. माह्यं अडलं का मी मनाची, "थांब, आमच्या सरले इचारून सांगते." मंग चुलीपाशी बसून तुमाले इचाराची. तुमी आताबी उत्तर देत नाही, उलटा प्रश्न करता, अन् त्याच्यातूनच मले सुचते.

काल निकाल लागला. पास झाली, सायन्समदीच सगळ्यात जास्त. आज दोन डबे पेढे घेऊन आली. एक माह्यावाला. "अन् हा सरचा, आजी. कोन्या गावी राह्यतेत ते? उद्या दोघी जाऊन पाया पडू." मी मनलं, "इचारून सांगते."

हे पत्र टपालात टाकाचं नाही, तुमच्या डब्यातले दोन पेढेबी मी खाल्ले. पन तुमी गेले हे मी तिले आजूनबी सांगितलं नाही. सांगू कसं? आता ती इंटरचं, मंजे अकरावीचं, पुस्तक घेऊन येनार हाय, लय जाड असते मनते. सांगून टाकलं अन् तवा अडलं, तं मी कोनाले इचारू?