ओव्हन न्यायला येण्यापूर्वी

आदरणीय ताई,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. गुडघे आता जिना चढू देतात हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. जेवतो, झोपतो, काळजी नसावी.

समाचाराला आला होतात तेव्हा तुम्ही म्हणालात, ज्याला चहा धड जमत नाही त्याच्या घरी ओव्हन काय कामाचा, माझ्या सुनेला तरी उपयोगी पडेल. मी मान डोलावली. (तेव्हा मी सगळ्यालाच मान डोलावत होतो.) आता रविवारी टेम्पो घेऊन येता आहात. मी शब्द फिरवणाऱ्यातला नाही. फक्त मधल्या काळात ओव्हनचं काय झालं ते कानावर घालतो.

तुमची बहीण गेल्यावर मी पाव विकत आणायचो. एकट्याला तो संपायचा नाही, उरलेल्याला बुरशी यायची. म्हणून घरीच करून पाहिला. पीठ, पाणी, मीठ आणि चिमूटभर यीस्ट, म्हणजे स्वस्तातलं काम. खर्च काय तो विजेचा, आणि त्या बाबतीत मी कसा आहे ते तुम्ही जाणता. उभी नोकरी लोकांच्या जिन्याखालचे मीटर वाचण्यात गेली. तेव्हा पाव आत ठेवला आणि मी बाहेर मीटरसमोर स्टूल टाकून बसलो. दार उघडलं की उष्णता वाया जाते, म्हणून आत डोकावलोसुद्धा नाही. माझ्या अंदाजाने पुरेशी वीज गेली तसं बटण बंद केलं, बाकीचं उरलेल्या धगीत होईल म्हणून. मीटरवर पाव उत्तम भाजला होता. ओव्हनमध्ये नुसती गरम कणीक होती.

दुसऱ्या खेपेला पीठ फुगेना. त्याला ऊब हवी, पण उबेसाठी वीज कशी जाळायची? भांडं पलंगावर ठेवलं आणि आमची दोन्ही पांघरुणं त्यावर घातली. नेमक्या तेव्हाच शेजारच्या नर्सबाई (निवृत्त आहेत, पण सवय गेलेली नाही) विचारपूस करायला आल्या. पांघरुणाखालचा उंचवटा बघून हळूच म्हणाल्या, “कोण आजारी आहे?” मी म्हटलं, “पाव. अजून फुगत नाही.” त्या खुर्चीत बसून हसायला लागल्या. या घरात कुणी हसल्याला बरेच महिने झाले होते. काय करावं ते न सुचून मी त्यांना पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन त्यांनी ओव्हन उघडला. “एका पावासाठी एवढं मोठं खोकं तापवता? आणि म्हणे वीज वाचवता!” हे मला फार लागलं, कारण खरं होतं. पुढल्या शनिवारी माझ्या पावाशेजारी त्यांचाही भाजला. मग खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका आपला घेऊन आले, आणि वास पसरत गेला तसतसे आणखी लोक. आता ओव्हन आठवड्यातून एकदाच तापतो आणि गच्च भरलेला असतो. पाव होईपर्यंत मंडळी इथेच बसतात आणि वरच्या कप्प्यावरून भांडतात. (तिथे रंग चांगला येतो.) परवा शिंपीकाका म्हणाले, “बाई, हा पाव आहे की पायपुसणं?” बाई म्हणाल्या, “तुमचा मधोमध उसवलाय, आधी तो शिवा.” निवाड्याला मला बसवतात. मला, जो जन्मात तुमच्या बहिणीशिवाय कुणाशी धड बोलला नाही!

असो. रविवारी या. ओव्हन पुसून ठेवतो.

तुमचा,
मेहुणा

ता. क. शिंपीकाकांनी टेप लावून पाहिली. ओव्हन दारातून बाहेर निघणार नाही असं त्यांचं म्हणणं आहे.

आणखी एक. मीही मोजून पाहिलं. निघतो. शिंपीकाकांना तसं बोललो नाही.

शेवटचं. ताई, टेम्पो सांगू नका. शब्द मोडतो आहे, हवं तेवढं रागवा. पण ओव्हन गेला तर शनिवारी या घरात कुणी येणार नाही. त्यापेक्षा रविवारऐवजी शनिवारीच या, सुनेलाही आणा आणि येताना पीठ मळून आणा. खालच्या कप्प्यात तुमची जागा धरून ठेवतो. वरच्याचं मात्र नर्सबाईंशी तुमचं तुम्हीच बघा.