अकरा नकार

१४ मार्च

प्रिय भाऊजी,

नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल. माझी ठीक आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण दुकानाचं शटर मीच उघडते. तुमचे दादा गेले त्याला उद्या चार महिने होतील. त्या दिवशी तुम्ही फाटकाबाहेर उभे होता, मी पाहिलं. आत या, म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

दुकान विकण्याचा तुमचा कागद मिळाला. सोबत परत पाठवत आहे. सही केलेली नाही. तुम्ही चिठ्ठीत लिहिलंत, "बंदुकांचं दुकान चालवणं बाईमाणसाचं काम नाही आणि विमा तर तुम्हाला कुणी देणारच नाही." पहिल्या गोष्टीला उत्तर देत नाही. पंचवीस वर्षं त्या काउंटरमागे बसून शिकारीच्या बंदुकांच्या नळ्या मी साफ केल्या आहेत. विम्याबद्दल मात्र तुमचं जवळजवळ खरं झालं.

जुन्या कंपनीने ह्यांच्या माघारी विमा पुढे चालवायला नकार दिला. महिनाअखेरीपर्यंत नवा विमा दाखवला नाही तर दुकानाचा परवाना जाईल. म्हणून सहा ठिकाणी फिरले. एकाने 'बंदुका' एवढं ऐकूनच फोन ठेवला. दुसऱ्याने असा हप्ता सांगितला की मी विचारलं, "यात तुमची कंपनीपण मिळते का?" तिसरा साहेब फार गोड.

"दुकानाचा विमा देतो की मावशी. फक्त बंदुका सोडून."

"मग उरलं काय?"

"भिंती, काच, पंखा."

"अहो, पंखा चोरायला बंदुकांच्या दुकानात कोण येईल?"

तो हसला. मला हसू आलं नाही. हे असते तर खो खो हसले असते.

शेवटी आपल्या जुन्या दलालाने एक लहानशी कंपनी शोधली. ती नेमबाजीच्या क्लबांचे आणि आपल्यासारख्या दुकानांचेच विमे करते. चोरी, आग आणि आपण विकलेल्या बंदुकीने कुणाला इजा झाली तर त्याची भरपाई, सगळं त्यात येतं. हप्ता मला झेपेल असा. त्यांची तपासनीस आली. तिशीतली मुलगी, पण नजर मुरलेल्या सासूची. तिने कुलपं ओढून पाहिली, काडतुसं वेगळ्या कपाटात आहेत का ते पाहिलं. मग विचारलं, "परवाना असलेल्या गिऱ्हाइकाला कधी परत पाठवलंय?"

मी वही काढली. ह्यांची रीत तुम्हाला माहीत आहे. कागद बरोबर असले तरी माणूस बरोबर वाटला नाही, तर त्याला चहा द्यायचा आणि सांगायचं, "आठ दिवसांनी या." म्हणायचे, "परवान्यावर माणसाचा फोटो असतो, त्याचा आजचा दिवस नसतो." अशा प्रत्येकाचं नाव आणि कारण ते लिहून ठेवत. दहा वर्षांत अकरा नावं.

तपासनीसबाई म्हणाली, "वही कुणीही लिहील. यातला एक तरी माणूस माझ्याशी बोलू दे. 'मला खरंच परत पाठवलं' असं त्याने सांगितलं तर याच हप्त्यात विमा. नाहीतर दुप्पट." दुप्पट मला झेपणार नाही.

मी दहा जणांचा शोध घेतला. दोघे वारले आहेत. चौघांचा ठावठिकाणा लागला नाही. एकाने शिव्या दिल्या. एकजण म्हणाला, मी तुमच्या दुकानात कधी आलोच नाही. एकाने आधी विचारलं, "बायकोला कळणार नाही ना?" आणि उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवला. दहावा रडायला लागला. त्याला मी पुढे काही विचारलं नाही.

अकरावं नाव तुमचं आहे.

तुमच्या नावापुढे कारणाची जागा कोरी आहे. बाईने त्यावरच बोट ठेवलं. मी म्हटलं, "हे घरचे आहेत. त्यांना विचारल्याशिवाय नंबर देणार नाही." ती गेल्यावर दलाल म्हणाला, "दिराचंच नाव आहे ना? मग माझ्या भाच्याला फोनवर बसवू. आवाज कोण ओळखतंय?" मी त्याला चहा दिला आणि आठ दिवसांनी या म्हटलं.

आता ती कोरी जागा.

सहा वर्षांपूर्वी, जाऊबाई गेल्या त्याला दीड महिना झाला होता, तुम्ही दुकानात बंदूक मागायला आलात. रानडुकरं बाग उकरतात, म्हणालात. तुमच्याकडे परवाना होता. ह्यांनी कपाटाला किल्ली लावलीही होती. मग आत जाऊन आले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "तुला देणार नाही." तुम्ही त्यांना नाही नाही ते बोललात आणि पुन्हा पायरी चढला नाहीत. धाकट्याला चारचौघांत कमी लेखलं, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत.

आत त्यांना मी बोलावलं होतं. देऊ नका, असं मी सांगितलं.

त्या दिवशी सकाळी तुम्ही घरी येऊन आमची शिडी परत दिली होती. त्याच्या दोन वर्षं आधी नेलेली छत्री दिली. जाऊबाईंनी नेलेला मोठा टोप दिला, घासून लख्ख केलेला. जाताना सहज म्हणालात, कुत्रं शेजाऱ्याला देऊन टाकलं. भाऊजी, ज्याला रानडुकरांचा त्रास आहे तो माणूस कुत्रं देऊन टाकत नाही.

हे चिडले. "माझ्या भावावर असला संशय?" मी म्हटलं, "चुकले तर त्यांचे पाय धरीन. पण देऊ नका." पुढे मी तुम्हाला खरं सांगायला निघाले तर ह्यांनीच अडवलं. म्हणाले, "माझ्यावर रागावू दे. रागावलेला आहे तोवर जगेल." मी ऐकलं. इतकी वर्षं गप्प राहिले, त्याची माफी मागते. बंदूक देऊ दिली नाही त्याची मागत नाही. उद्या तसेच आलात तर उद्याही काउंटरवर आडवी पडेन.

तुम्हाला वाटतं दादांनी तुमच्याकडे पाठ फिरवली. ते रोज सकाळी तुमच्या गल्लीतून चालत जायचे. तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी दिसली की परत फिरायचे. दुकानात येऊन मला एवढंच सांगायचे, "उघडी आहे." मग शटर वर करायचे. गिऱ्हाइकं ओरडायची, दुकान अर्धा तास उशिरा का उघडता? हे म्हणायचे, गुडघे धरतात. गुडघे माझे धरतात, त्यांचे ठणठणीत होते. आता चार महिने मी जाते.

तपासनीसबाई गुरुवारी अकरा वाजता येणार आहे. तुम्ही यावं असं मला वाटतं. तिच्यापुढे कारण सांगायची गरज नाही, परत पाठवलं एवढं म्हणालात तरी पुरे. नाही आलात तर परवाना जाईल, शटर खाली येईल. तरी तो कागद पुन्हा पाठवू नका. सही करणार नाही. आणि आलात, न आलात, शुक्रवारी सकाळी मी तुमच्या गल्लीतून जाणारच आहे.

खिडकी उघडी ठेवा.

तुमच्या रागाची खरी धनीण,
वहिनी