धूसर फोटोतली गादमाशी

सर, तुम्ही मला शेवटचं रागावलात ते प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेत, वर्गातली जी मला आवडायची तिच्यासमोर. पोरांनी मोबाईलवर काढलेले माश्यांचे फोटो तुम्ही छापून आणायचे आणि आम्ही खाली नावं लिहायची. एका फोटोत नुसता तपकिरी डाग होता, तरी मी झोकात नाव ठोकून दिलं. तुम्ही ते खोडलंत. "पंखाच्या शिरा दिसून राहिल्या का तुले? नाही ना? मंग 'माहीत नाही' लिवाले हात दुखते का? पोरीले दाखवाले माशी नको ओळखू, बाबू." सगळे हसले, तीही हसली. मी कागद फाडला, दार आपटलं, पुन्हा कॉलेजात पाय ठेवला नाही. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. तुमचं गाव काही लांब नव्हतं, पण मी मातीलाही आलो नाही.

आता मी आमगावात कृषी केंद्राच्या दुकानात बसतो, बी-औषधं विकतो. धानात काही उडताना दिसलं की लोक फोटो पाठवतात, अर्धेअधिक हललेले. त्यांना मी तुमच्यासारखंच विचारतो, गादमाशीनं पोखरलेल्या कोंबांचे चंदेरी पोंगे निघाले का, जवळून काढा, उजेडात काढा. यंदा भादव्यात तिचा मेसेज आला, सहा वर्षांत पहिला. बापाची शेती आता तीच पाहते. "गादमाशी आहे का रे ही? तूच सांगशील." तीन फोटो होते. मी पहिला, धूसर, तेवढाच पाहिला आणि मिनिटात लिहिलं, हो, गादमाशीच, आजच फवार.

तिनं फवारलं. बांधीतले तुडतुडे खाणारे कोळी मेले, मागून तेच तुडतुडे वाढले आणि उभं धान गोल गोल करपलं. तेव्हा मी तिसरा फोटो उघडला. स्वच्छ होता, सर. पिसासारख्या मिशा, पुढचे पाय उचललेले. पाण्यावरचं साधं चिलट. धानाचं काही बिघडवत नाही ते, कोळ्यांचं खाणं आहे.

परवा ती दुकानात आली, हातात वाळलेली धसकटं. म्हणाली, "तू नसतं सांगितलं त गादमाशीनं आधीच खाल्लं असतं. बाबा मनते, एवढा हुशार पोरगा, कॉलेज काऊन सोडलं तेनं?"

मी म्हणालो, "सरांमुळे."

ती मान हलवून गेली. हे सगळं तिला लिहायचं होतं. नंबर समोर आहे. तुम्हाला लिहून राहिलो, कारण तुमच्याकडून उत्तर येत नाही.