फॉर्मलिनची बाटली

माय,

तू जाऊन सोळा वर्षं झाली. आज घरात प्लायवूडचं नवं कपाट आलं आणि दार उघडताच डोळे चुरचुरले. प्लायवूडच्या गोंदात फॉर्मॅल्डिहाइड असतं. तेच पाण्यात मिसळलं की फॉर्मलिन. खिडक्या उघडल्या आणि तुझी आठवण आली.

मी बारावीत होते. उन्हाळ्यात कारध्याच्या बाजारात दुपारपर्यंत तुझ्या टोपल्यातल्या मासोळ्या नरम पडायच्या, उरलेल्या तू कुत्र्यांपुढे टाकून यायचीस. मला ते बघवत नसे. म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेतून, कुणाला न विचारता, औषधाच्या रिकाम्या बाटलीत थोडं फॉर्मलिन आणलं. अजून डोळ्यांपुढे आहे: तू चुलीवरून भात उतरवते आहेस. "पाण्यात जरासं टाक, माय. मासोळी सडतच नाही. कॉलेजातला बेडूक याच्यात कितीक वर्षांपासून तसाच हाय." तू बाटली हुंगतेस, डोळ्यांत पाणी येतं. "तो बेडूक कोणी खाते का वो?" तू बूच घट्ट लावतेस. "मासोळी सडली त वासानं गिऱ्हाइकाले समजते. ते समजूच नाही दिलं, त काय चारून राहिलो आपण लोकायले?"

दुसऱ्या दिवशी बाजार सोडून तू बाटली परत करायला माझ्यासोबत कॉलेजात आलीस. प्राणिशास्त्राचे सर भडकले. प्रॅक्टिकलला बसू देणार नाही म्हणाले. "मीच मांगली होती, सर," तू म्हणालीस. "पोरीले काहून रागवता?" तुला खोटं बोलताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. सर निवळले. हे पोटात गेलं तर काय होतं, ते त्यांनी तुला समजावलं. तू सगळं ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "मंग हे कोणत्या कामाचं?" त्यांनी बरण्या दाखवल्या. बेडूक, साप, मासे. एका बरणीपाशी तू थांबलीस. चिठ्ठीवर काय लिहिलंय, ते मला विचारलंस. मी 'मागूर' असं वाचलं. "हे मागूर नोहोय, सर. शिंगी हाय. मागुराच्या पाठीवर लांब झालर राहते." सरांनी चष्मा लावून पाहिलं आणि नाव खोडून तू सांगितलेलं लिहिलं.

त्या प्रॅक्टिकलला बसले, म्हणून आज लाखनीला प्राणिशास्त्र शिकवते. दर वर्षी मुलांना पाठीवरच्या झालरीवरून हे दोन मासे ओळखायला शिकवते. मॅडम, तुम्हाला कोणी शिकवलं, असं ती विचारतात. मी म्हणते, पुस्तकात आहे.

हे पत्र वहीतच राहील, माय. तू मासोळ्या विकायचीस, हे मी वर्गात अजून एकदाही सांगितलेलं नाही.